वाळूच्या पिशव्यांमधली हौसा

माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोलाचं हत्यार कोणतं, असं कुणी विचारलं तर मी वाळू सांगते. विचारणाऱ्याला वाटतं, म्हातारीला चळ लागला. डोळ्यांच्या दवाखान्यात उभी हयात काढलेल्या नर्सने कात्री सांगावी, चिमटा सांगावा, ही वाळू कसली सांगते? पण खरं तेच सांगते. वाळू नसती तर आमच्या डॉक्टरांची अर्धी कर्तबगारी वाया गेली असती.

पनवेलला बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं धर्मादाय नेत्र रुग्णालय होतं. पुरुषांचा एक वॉर्ड, बायकांचा एक, आणि मधल्या खोलीत मुलांच्या चार खाटा. सन साठच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस. तोवर आमच्याकडे यायचे ते मोतीबिंदूवाले. मग आमचे डॉक्टर परदेशातून डोळ्याच्या आतल्या पडद्याचं काम शिकून आले आणि मुंबईत न थांबता सरळ आपल्या गावी परतले. लोक म्हणाले, शिकून शहाणा झालेला हा पहिलाच वेडा. स्वतःचं नाव छापलेलं त्यांना कधी खपलं नाही, म्हणून मीही त्यांना इथे नुसतं डॉक्टरच म्हणते.

पडदा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डोळा हा पोकळ गोळा. त्याच्या आतून पातळ अस्तर असतं, भाकरीच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. त्यावर चित्र उमटतं, तेव्हा आपल्याला दिसतं. कधी मार लागून, कधी जन्मापासून डोळा अशक्त म्हणून त्या अस्तराला भोक पडतं. डोळ्यातलं पाणी त्या भोकातून मागे शिरतं आणि अस्तर भिंतीपासून सुटत जातं. जेवढं सुटलं तेवढं दिसेनासं होतं. सगळं सुटलं की संपलं.

डॉक्टर काय करायचे, तर डोळ्याच्या बाहेरच्या अंगाने, बरोबर त्या भोकासमोर, विजेच्या सुईने बारीक चटके द्यायचे. मागे साठलेलं पाणी काढायचे. मग डोळ्याच्या भिंतीला टाके घालून ती थोडी आत दाबून घ्यायचे, म्हणजे सुटलेलं अस्तर भिंतीला टेकावं. पण टेकलं म्हणजे चिकटलं नव्हे! चिकटायला दिवस लागतात. दुधाला विरजण लावल्यावर आपण भांडं हलवतो का? तसंच हे. दोन्ही डोळ्यांना पट्टी, कारण एक डोळा हलला की दुसराही हलतो. उशी नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान वळू नये म्हणून. उठायचं नाही, वळायचं नाही, शिंकायचं नाही, खोकायचं नाही. असे आठवडेच्या आठवडे. आता म्हणे लोक दोन दिवसांत घरी जातात. जावोत बापडे.

मोठी माणसं तरी हे पाळायची का? एक पोलीस जमादार होते आमच्याकडे. शहाण्यासारखे पडून राहिले होते. एका सकाळी त्यांचे फौजदार भेटायला आले आणि दारातूनच म्हणाले, "काय जमादार, कसं काय?" जमादार पट्टी बांधलेल्या डोळ्यांनिशी ताडकन उठले आणि खाड्‌कन सलाम ठोकला. पिशव्या इकडे, जमादार तिकडे आणि पडदा पुन्हा सुटलेला. डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हापासून मी हुद्देदार माणसांना भेटीची बंदी केली.

मग मुलांचं काय होत असेल, विचार करा. म्हणून मी तालीम सुरू केली. ऑपरेशनच्या आधीच मुलाचे डोळे बांधायचे आणि त्याला सगळं शिकवायचं: पडल्यापडल्या चमच्याने पेज कशी प्यायची, शिंक आली तर नाकाखाली बोट कसं दाबायचं, खोकला आला तर तोंड उघडं ठेवून धावलेल्या कुत्र्यासारखी बारीक धाप कशी टाकायची. धाप टाकली की खोकला बहुधा मागे फिरतो. आणि वॉर्डमधल्या सगळ्यांना एक नियम: आधी आवाज, मग हात. डोळे बांधलेल्या मुलाला न बोलता हात लावला तर ते दचकतं, आणि दचकलं की आम्ही बुडालो. डॉक्टरसुद्धा आधी खाटेच्या दांड्यावर अंगठी वाजवायचे.

आता हौसाकडे येते. ती उरणकडच्या करंजा गावच्या नाखव्याची, म्हणजे मच्छिमार होडीच्या मालकाची मुलगी. असेल आठ-नऊ वर्षांची. तिची आई बाळंतीण, म्हणून तिला घेऊन आली तिची आत्या हिराबाय. हिराबाय दिलेली पनवेलच्या कोळीवाड्यात. बाजारात मासळीच्या पाटीशी बसून ती म्हावरं विकायची, तेव्हा तिचा आवाज वडाळे तळ्यापलीकडे ऐकू जायचा. तिच्या नवऱ्याचा मोतीबिंदू आमच्याच डॉक्टरांनी काढला होता, त्यामुळे दवाखान्यावर तिचा मालकी हक्क होता.

"शिष्टर, पोरीचं डोलं बगा," तिने दारातूनच सांगितलं. "उंबऱ्याला आपटते. ताटातला मासा दिसत नाय तिला. कुनाची तरी दिष्ट लागलीय."

डॉक्टरांनी मुलीला समोर उभी केली. तिने मान खाली घातलेली. त्यांनी विचारलं, "काय होतंय गं तुला?"

"पानी चढतंय," ती म्हणाली.

"कुठं?"

"खालनं. पयलं माज्या पायाशी व्हतं. आता तुमचं पाय बुडलं. कमरेपरत आलंय."

हिराबायने कपाळावर हात मारला. "असंच बोलते! घरची मानसं बोलली, दर्यातलं काय तरी मागं लागलंय."

डॉक्टर मात्र खुर्चीतून उठले होते. "सिस्टर, हिला एक पाऊलही चालू देऊ नका. उचलून न्या. उशी काढा आणि खाटेचा पायथा विटांवर चढवा." मुलगी जे सांगत होती ते त्यांना पुस्तकाच्या पानासारखं वाचता आलं होतं. डोळ्यात चित्र उलटं पडतं. अंधार खालून चढतोय म्हणजे पडदा वरून सुटत येतोय, आणि वरून सुटलेला फार वेगाने खाली येतो. तिची कंबरेची खूण म्हणजे आता डोळ्याच्या ऐन मध्यापर्यंत बोटभर जागाही उरली नव्हती.

अंधाऱ्या खोलीत कपाळाला दिवा बांधून डॉक्टरांनी तिचे दोन्ही डोळे तपासले, तेव्हा खरा घाला कळला. डावा डोळा केव्हाच गेला होता. त्यातला पडदा सगळा सुटून गोळा झाला होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. दोन डोळ्यांतला एक गेला तर दुसरा चुगली करत नाही. मूल चालतं, खेळतं, थोडं धडपडतं, आणि आपण त्याला वेंधळं म्हणतो. म्हणजे हौसाकडे होता तो हा एकच डोळा, आणि त्यात पाणी चढत होतं.

इथे एक आठवण मला टोचते. त्याआधी ओवे गावचा एक मुलगा आमच्याकडे आला होता. विटी लागून कितीतरी महिने उलटलेले. बाप म्हणाला, "पोर काय बोललाच नाय." डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं आणि दिवा विझवला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या संध्याकाळी डॉक्टर वडाळे तळ्याच्या पायरीवर एकटेच बसलेले मी पाहिले. हे वाचणाऱ्यांनी एवढं करावं: घरातल्या मुलाचा एकेक डोळा झाकून दुसऱ्याने काय दिसतं ते विचारावं. त्याला ना खर्च, ना डॉक्टर.

दुसऱ्या दिवशी करंज्याहून हौसाचा बाप आला. पांडू नाखवा. दारवंटा भरेल एवढा माणूस, पण टोपी हातात चुरगळत उभा राहिला.

"डाक्टर, पोर आंधली व्हनार काय?"

डॉक्टर खोटं बोलत नसत. "मी पडदा भिंतीला टेकवीन. पण चिकटवायचं काम तिचं. महिनाभर तिने हलता कामा नये."

"ती झोपंत पन गप नसते, डाक्टर."

"मग मी तरी काय करू? देवाने तिला तसं केलंय," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "आता ह्यांच्या हातात."

नाखवा माझ्यामागून वॉर्डपर्यंत आला. "शिष्टर, मना काय तरी काम सांगा. नुसता बसवत नाय." आमच्या पिशव्या तेव्हा उसवायला आल्या होत्या आणि पनवेलच्या खाडीला चिखलाशिवाय काही नाही. मी म्हटलं, चांगली वाळू आणा. तो गेला आणि गोणीभर घेऊन आला. आम्ही ती गोड्या पाण्याने धुतली, दवाखान्याच्या कढईत भाजली, मांजरपाटाच्या पिशव्यांत भरून शिवली. तालमीला हौसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून पिशव्या लावल्या, तशी ती म्हणाली, "ही वालू आमच्या बंदरावरची हाय."

"तुला काय ठाऊक?"

"वास येतो ना म्हावऱ्याचा."

"अगं, एवढी धुतली, भाजली!"

"तो नाय जायाचा," तिने मलाच समजावलं.

ऑपरेशन रविवारी झालं, कारण भूल देणारे डॉक्टर मुंबईहून रविवारी यायचे. आमच्या डॉक्टरांच्या हाताबद्दल मी काय सांगू? आदल्या दिवशी त्यांनी तांबड्या-निळ्या पेन्सिलींनी हौसाच्या पडद्याचं चित्र काढलं होतं. चिकटलेला भाग तांबडा, सुटलेला निळा, आणि निळ्यात एक छोटंसं, घोड्याच्या नालेसारखं वाकडं भोक. ते चित्र भिंतीवर उलटं टांगलेलं. बाहेरून सुई टेकवायची, चटका द्यायचा, कपाळावरच्या दिव्याने आत वाकून बघायचं: पांढरा ठिपका भोकाच्या काठाशी उमटला का? डोळ्याच्या बाहेर उभं राहून आतल्या भोकाला नेमका वेढा घालायचा, तोही हातातल्या भिंगातून सगळं उलटं दिसत असताना. जरा चुकलं तर भलतीच जागा भाजते. विजेच्या सुईचं यंत्र चाललं की वॉर्डातले दिवे मंद व्हायचे आणि मोतीबिंदूवाले म्हातारे जप सुरू करायचे. डॉक्टर काही बोलत नसत. फक्त "हं" म्हणायचे. आखूड "हं" म्हणजे पुन्हा बघू. लांब "हं" म्हणजे जमलं. त्या दिवशी ताकाच्या निवळीसारखं पिवळसर पाणी बाहेर आलं, डॉक्टर आत वाकले आणि इतका लांब "हं" म्हणाले की भूलवाल्या डॉक्टरांनीही मान वर केली. मी इतकी वर्षं त्यांच्याशेजारी उभी राहिले, पण त्या हातांचं नवल माझ्या डोळ्यांतून कधी गेलं नाही.

मग सुरू झालं हौसाचं काम. आणि बापाने जे सांगितलं होतं त्याच्या उलट झालं. ती अंगाने दगडासारखी पडून राहिली. सगळी वळवळ जिभेवर आली. "शिष्टर, आता गेली ती उरनची एसटी, नाय? पलीकडच्या वार्डातलं, कोपऱ्यातलं आजोबा लबाड हाय, झोपलो बोलतं आन् चिवडा खातं." दर सकाळी पट्टी बदलताना एकच प्रश्न: "पानी उतरलं काय?" मी म्हणायचे, "डॉक्टरांना माहीत." खरं तर अजून कुणालाच माहीत नव्हतं. पहिले आठ-दहा दिवस सगळ्यात वाईट, त्यात एका ठसक्याने होत्याचं नव्हतं होतं.

आणि त्या दिवसांतच हिराबायने घात केला. रोज म्हावरं विकून ती दुपारी यायची. त्या दुपारी मी पुरुषांच्या वॉर्डात औषध घालत होते. तिने खाटेजवळ येऊन, नियमाप्रमाणे आधी आवाज देऊन, पोरीवरून मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या ओवाळल्या. मग मागच्या पडवीत गेली. तिथे नातेवाइकांच्या शेगड्या असायच्या. तिने मूठ निखाऱ्यांवर रिकामी केली. वारा खाडीकडचा. मिरच्यांचा सगळा तिखट धूर खिडकीतून थेट मुलांच्या खोलीत!

पहिल्यांदा कोपऱ्यातले आजोबा खोकले. मग सगळा पुरुषांचा वॉर्ड. मग मी. धावत आले, खिडक्या आपटून लावल्या आणि हौसाच्या खाटेशी पोचले. तिचं डोकं दोन्ही हातांनी धरावं म्हणून वाकले आणि थबकले. आधी आवाज, मग हात. पण माझा घसा मिरच्यांनी बंद झाला होता. शब्द फुटेना. बोलल्याशिवाय हात लावला तर ती दचकणार. माझा नियम माझ्याच गळ्यात आला. मी नुसती उभी राहिले, खोकत, आणि तिच्याकडे बघत.

तिच्या दोन्ही मुठींत पिशव्यांचे कोपरे होते. तोंड सताड उघडं. आणि बारीक, भराभर धाप चाललेली. शिकवली होती तश्शी. छाती उडत होती, मानेच्या शिरा ताठल्या होत्या, पण डोकं केसभर हललं नाही. धाप, धाप, धाप. पट्टीखालून पाण्याचा ओघळ कानाकडे आला. एवढंसं पोर, कुणी समोर नाही, काही दिसत नाही, आणि आपला डोळा आपणच सांभाळून धरलेला. मला रडूच आलं, आणि ते मिरच्यांमुळे नव्हतं.

धूर विरला. डॉक्टर धावत आले. झाला प्रकार कळला तेव्हा ते रागाने पांढरे पडले. हिराबाय दारात उभी होती. घाबरलेली असेल म्हणता? छे! तिचा चेहरा फुलला होता.

"बगितलं ना डाक्टर? अख्खा दवाखाना खोकला, पन पोरीला ठसका नाय लागला! केवडी मोठी दिष्ट व्हती! गेली आता."

मिरच्या जळूनही ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट होती, असं आपल्याकडे मानतातच. डॉक्टर तिच्याशी वाद घालत बसले नाहीत, सरळ खाटेकडे वळले.

त्यांनी खिडक्यांचे पडदे ओढायला लावले, खाटेच्या दांड्यावर अंगठी वाजवली आणि पट्टी सोडली. कपाळावरचा दिवा लावून वाकले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. हौसा कुजबुजली, "मी नाय खोकली, डाक्टर. शिष्टर खोकली." डॉक्टर बघतच राहिले. आणि मग तो लांब, ओढलेला "हं" आला. मी नवी पट्टी पुढे केली.

यथावकाश पट्टी कायमची निघाली. पांडू नाखवा भल्या पहाटे निघून आला होता. तो दाराशी उभा राहिला आणि आम्ही हौसाला खाटेवर उठवून बसवलं. डॉक्टरांनी विचारलं, "हौसा, पाणी कुठवर आहे?"

तिने हळूच डोळा उघडला. आधी छताकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे. मग खाली, खाली, पार आपल्या पावलांपर्यंत, आणि पावलांपलीकडे बापापर्यंत.

"ओहोटी लागली, डाक्टर," ती म्हणाली. "पार लांब गेलं पानी. बाबाचं पाय पन दिसतात."

एवढा थोराड नाखवा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टरांनी उगाच चष्मा पुसला.

घरी जायचा दिवस आला. जाड भिंगांचा चष्मा नाकावर चढवून हौसा दवाखान्याच्या अंगणात उभी होती. एवढ्यात हिराबाय शेगडी घेऊन आली. आता हिची दृष्ट काढायची? तर नाही. "डाक्टर, हितं खुर्चीवर बसा. अशी सोन्यासारखी हातं तुमची, कुनाची तरी नजर लागंल." मला वाटलं, आता डॉक्टर भडकणार. पण ते मुकाट्याने बसले. परदेशात शिकून आलेला तो माणूस मांडीवर हात ठेवून, शाळकरी मुलासारखा. हिराबायने मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळल्या, बोटं मोडली आणि सगळं निखाऱ्यांवर टाकलं.

डॉक्टर असे खोकले की खुर्ची डुगडुगली. नाखवा खोकला, मी खोकले, फाटकाशी उभा टांगेवाला खोकला. "डाक्टरला दिष्ट नाय लागलेली," हिराबाय डोळे पुसत, काहीशी हिरमुसून म्हणाली.

आणि माझं लक्ष हौसाकडे गेलं. ती जागच्या जागी ताठ उभी होती. दोन्ही हातांनी डोकं दोन बाजूंनी घट्ट धरलेलं, पिशव्या असाव्यात तसं. तोंड उघडं. बारीक धाप चाललेली. चष्म्यामागचा तो एकुलता डोळा आमच्या सगळ्यांकडे टुकूटुकू बघत होता.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते डोळ्यांतलं पाणी पुसत तिच्याजवळ गेले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. आधी आवाज दिला, मग तिचे हात डोक्यावरून हळूच खाली घेतले.

"खोक," ते म्हणाले. "खोक, पोरी. आता चालतं."

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

आणि मग हौसा खोकली. पोट धरून, वाकून, पाय आपटत, इतक्या दिवसांचा साठवलेला खोकला एकदम खोकली, आणि थांबल्यावर हसून अजून एकदा खोकली.